विश्लेषण : सिरोंचाची चाल सिनेमात गेली, तर नाव कुणाचे लागणार?

मार्च २०२३ मध्ये ‘आरआरआर’ या तेलुगू चित्रपटातील ‘नाटू नाटू’ गाण्याला ऑस्कर मिळाले. संगीतकार एम. एम. कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस यांनी तो पुरस्कार स्वीकारला. यातले चंद्रबोस तेलंगणातील जयशंकर भूपालपल्ली जिल्ह्यातल्या चल्लगरिगा गावचे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिरोंचातून गोदावरीपलीकडचा जो काठ दिसतो, तो याच जिल्ह्याचा. म्हणजे ऑस्करपर्यंत पोहोचलेला हा माणूस सिरोंचाच्या शेजारचाच. मग नदीच्या अलीकडून सिनेमा-मालिकांसाठी संगीत करणारे कोणी का पुढे येऊ नये? आणि आले, किंवा इथलीच एखादी चाल बाहेरच्या कोणी उचलून नेली, तर नाव कुणाचे लागणार आणि पैसे कुणाच्या खात्यात जाणार? आपल्याकडे चर्चा पहिल्या प्रश्नाची होते. खरे तर आधी दुसरा सोडवायला हवा.

सिरोंचाचे वेगळेपण काय?

प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती या नद्यांनी वेढलेला हा तालुका. पलीकडे एका बाजूला तेलंगण, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या गडचिरोलीपेक्षा वरंगल जवळ. अनेक घरांत तेलुगू, शाळेत मराठी आणि जंगलातल्या गावांत गोंडी-माडिया. रेला गाणी, ढोलाचे ठेके, तेलुगू लग्नगीते आणि मराठी भजने एकाच माणसाच्या कानावर पडतात, अशी ठिकाणे महाराष्ट्रात फार नाहीत.

याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वडसा (देसाईगंज) हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आहे. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या हंगामात तिथल्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीच्या नाटकात संगीत थेट वाजते. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड घेऊन बसलेल्या वादकांना प्रसंग बघत वाजवावे लागते, नट थांबला की थांबावे लागते, प्रेक्षक हसले की पुढचा सूर लांबवावा लागतो. दृश्याकडे बघून वाजवण्याची ही सवय म्हणजेच पार्श्वसंगीताचा पहिला धडा. थोडक्यात, गडचिरोलीत कानही तयार आहेत आणि सूरही. कमी आहे ती ध्वनिमुद्रणाच्या सोयीची आणि त्याहून जास्त कागदपत्रांची.

चित्रपटाचा संगीतकार नेमके करतो काय?

बहुतेकांना वाटते की गाण्यांना चाली लावणे हेच त्याचे काम. ते निम्मेच झाले. उरलेले काम पार्श्वसंगीताचे. संकलन झालेला चित्रपट दिग्दर्शक आणि संगीतकार एकत्र बसून बघतात आणि कुठे संगीत सुरू करायचे, कुठे थांबवायचे, कुठे अजिबात नको हे ठरवतात. त्याला ‘स्पॉटिंग’ म्हणतात. अशा प्रत्येक तुकड्याला ‘क्यू’ म्हणतात. अमुक मिनिट, अमुक सेकंदाला दार उघडते, तिथे सूर बदलायला हवा. संवाद सुरू झाला की वाद्ये खाली यायला हवीत. हा सगळा हिशेब सेकंदाच्या अंशापर्यंत जुळवावा लागतो. पात्राची एक धून ठरवून तीच कधी बासरीवर, कधी मंद तंतुवाद्यांवर, कधी नुसत्या ठेक्यातून आणायची, ही त्यातली कारागिरी. आणि शांतता कुठे ठेवायची हे कळणे, ही त्यातली समज.

मराठीत या कामाची परंपरा मोठी आहे. भास्कर चंदावरकर यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवले आणि ‘सामना’सारख्या चित्रपटाला, ‘घाशीराम कोतवाल’सारख्या नाटकाला संगीत दिले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये मात्र पार्श्वसंगीतासाठी स्वतंत्र पुरस्कार २००९ च्या चित्रपटांपासूनच नियमितपणे दिला जाऊ लागला. म्हणजे हे वेगळे कौशल्य आहे, हे मान्य व्हायलाच इतका काळ गेला.

मालिकांचे गणित वेगळे. तिथे शीर्षकगीत महत्त्वाचे. अशोक पत्की यांच्यासारख्या संगीतकारांनी या एक-दीड मिनिटाच्या प्रकाराला घराघरांत नेले. पण रोजच्या भागाला रोज नवे संगीत करायला वेळ नसतो. म्हणून संगीतकार सुरुवातीलाच आनंद, संशय, विरह, भांडण अशा भावांचे तुकडे करून ठेवतो आणि मालिकेचा तंत्रज्ञ ते हवे तिथे बसवतो. एकदा केलेले काम शेकडो भागांत वाजते. मोबदला एकदाच घेतला, की वाजण्यागणिक, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

या व्यवसायात पोट कशावर भरते?

दोन प्रकारचे पैसे असतात. पहिला, ठरलेली रक्कम. छोट्या चित्रपटांत ती बहुधा ‘पॅकेज’ असते. वादक, गायक, स्टुडिओ, मिक्सिंग या सगळ्याचा खर्च संगीतकारानेच त्यातून करायचा आणि उरेल ती त्याची कमाई. नवख्याच्या हाती यातून अनेकदा काहीच उरत नाही.

दुसरा प्रकार रॉयल्टीचा, आणि दीर्घकाळ टिकणारा तोच. त्यामागे मोठा झगडा आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या (आयपीआरएस) प्रकरणात असा निकाल दिला की, निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी गीत-संगीत करून घेतले असेल आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर पहिला मालक निर्माता. त्यानंतर कित्येक वर्षे गीतकार-संगीतकारांनी सगळे हक्क एका सहीने देऊन टाकले. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेरही जोर लावला होता. या दुरुस्तीने सांगितले की, चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजणे वगळता इतरत्र म्हणजे टीव्ही, रेडिओ, ओटीटी, मोबाइल, कार्यक्रम इथे त्या संगीताचा वापर झाला, तर संगीतकार आणि गीतकाराला रॉयल्टीत समान वाटा मिळेल. हा वाटा करार करूनही सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो.

याच कायद्यातल्या आणखी तीन तरतुदी गावाकडच्या संगीतकाराने लक्षात ठेवाव्यात. हक्क देण्याचा करार लेखीच लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरतेच दिले असे मानले जाते. आणि एक चौथी गोष्ट, जी सिरोंचासाठी सर्वांत मोलाची आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार संगीतकार म्हणजे संगीत रचणारा. त्याने ते स्वरलिपीत लिहिले असो वा नसो. नोटेशन न येणारा, केवळ कानाने चाल बांधणारा माणूसही कायद्यासमोर पूर्ण संगीतकार आहे.

श्रेयनामावलीत नाव नसेल तर काय बिघडते?

चित्रपट संपल्यावर पडद्यावर सरकणारी नावे आपण बघत नाही. पण या धंद्यात ती यादी म्हणजे सातबारा आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजरांनी वाद्यवृंद उभा केला, स्वरलिपी लिहिल्या, गाण्यांमधले सुंदर वाद्यतुकडे रचले. अँथनी गोन्साल्विस हे मजोर्ड्याचे. प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांना व्हायोलिन शिकवणारे हे गुरू. पण सामान्य प्रेक्षकाला त्यांचे नाव कळले ते १९७७ मधल्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गमतीच्या गाण्यामुळे. बाकीच्या अनेकांना तेवढेही मिळाले नाही. नाव नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून वाटा नाही, असा हा साधा हिशेब होता.

आजचा कायदा गायक-वादकांना ‘कलावंत’ म्हणून स्वतंत्र हक्क देतो. त्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी आणि गारुडीही आहेत. पण त्याच कलमाला एक जोड आहे. चित्रपटात एखाद्याचे सादरीकरण किरकोळ वा प्रासंगिक असेल आणि श्रेयनामावलीसह कुठेही त्याचे नाव नसेल, तर बहुतेक हक्कांपुरता तो कलावंत मानला जात नाही. आता कल्पना करा : एखाद्या चित्रपटाचे पथक जंगलातल्या गावात येते, चार बायकांचे रेला गाणे मोबाइलवर किंवा चांगल्या माइकवर घेते, चहा-नाश्ता आणि थोडी रोख रक्कम देऊन निघून जाते. त्या आवाजांची नावे यादीत गेली तर त्या कलावंत. नाही गेली, तर ‘किरकोळ’ म्हणून बाजूला सारणे सोपे. म्हणून नाव लावा, ही मागणी मानापानाची नाही. पुढचे सगळे हक्क त्या एका ओळीवर टांगलेले आहेत.

पण लोकगीताचा मालक कोण?

कायद्याचे उत्तर आहे : कोणीच नाही. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. आणि पिढ्यान्‌पिढ्या गायल्या जाणाऱ्या चालीला तर ज्ञात रचनाकारच नसतो. म्हणून ती कोणीही घेऊ शकतो. गंमत अशी की, तीच चाल घेऊन जो नवे संयोजन करतो, त्याला मात्र आपल्या आवृत्तीवर हक्क मिळतो.

सिरोंचाच्या आजूबाजूचीच उदाहरणे बघा. ‘दिल्ली-६’मधले ‘ससुराल गेंदा फूल’ मूळचे छत्तीसगडी लोकगीत. २०२१ मध्ये तेलुगू ‘लव्ह स्टोरी’ चित्रपटातले ‘सारंग दरिया’ गाजले, तेव्हा तेच लोकगीत आधी टीव्हीवर गायलेल्या एका लोकगायिकेने श्रेयाचा प्रश्न काढला आणि दिग्दर्शकाला जाहीर खुलासा करावा लागला. २०२० मध्ये रॅपर बादशहाच्या ‘गेंदा फूल’मध्ये एक बंगाली गीत ‘पारंपरिक’ म्हणून वापरले गेले. ते रतन कहार यांचे असल्याचे लोकांनी समाजमाध्यमांवर ओरडून सांगितले, तेव्हा बादशहाने त्यांना पाच लाख रुपये दिले. हयात असलेल्या माणसाचे गाणे ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली असे बेपत्ता होऊ शकते.

नाव लागून भागते असेही नाही. तेलंगणचे किन्नेरावादक दर्शनम मोगिलय्या यांचा आवाज ‘भीमला नायक’च्या शीर्षकगीतात नावासह आला, २०२२ मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण २०२४ मध्ये ते रोजंदारीवर काम करत असल्याच्या बातम्या आल्या. नावापाठोपाठ नियमित वाटा आला नाही, तर पुरस्कार भिंतीवर राहतो.

मोबाइलच्या काळात धोका आणखी जवळ आला आहे. कोणी एकाने लोकगीताची आपली आवृत्ती वितरकामार्फत यूट्यूबवर नोंदवली, की त्याच चालीचा गावातल्या मुलांनी टाकलेला व्हिडिओ ‘दुसऱ्याच्या मालकीचा’ ठरू शकतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडे वळतात. आजीचे गाणे नातवाने गायले आणि दावा शहरातल्या अनोळखी कंपनीचा, असा उलटा प्रकार घडायला एक क्लिक पुरते.

बांबूने काय शिकवले?

गडचिरोलीला हा प्रश्न नवा नाही. जंगलातून माल निघायचा, गावाला मजुरी मिळायची आणि किंमत दुसरीकडे वाढायची. बांबूचे असेच होते. धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. बांबू तोच, जंगल तेच. बदलले ते एवढेच की माल कोणाचा, हे कागदावर आले. त्यामुळे भाव ठरवताना गाव समोर बसू लागले.

त्याच वनहक्क कायद्यात कलम ३(१)(के) आहे. जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी संबंधित बौद्धिक संपदा व पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क त्यात मान्य केला आहे. गाणे त्यात बसते का, यावर वकील वाद घालतील. माझ्या मते बसते. पेरणीची, मोहफुलांची, लग्नाची, मृत्यूची गाणी ही सांस्कृतिक विविधता नसेल तर दुसरे काय आहे? बांबूवर, तेंदूपानावर ठराव करणाऱ्या ग्रामसभांनी गाण्यांवरही ठराव करायला कोणाची हरकत असू नये.

याने संगीताला कुंपण पडणार नाही का?

हा आक्षेप रास्त आहे. मराठी चित्रपटसंगीत लोकसंगीताच्या मातीतच वाढले. अजय-अतुल यांना ‘जोगवा’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते त्या मातीमुळेच. संगीताचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या या भावांनी पुढे ‘सैराट’साठी अमेरिकेत सिम्फनी वाद्यवृंद वापरला. प्रत्येक ठेक्यासाठी परवानगी मागायची ठरवली असती, तर हे झाले असते का? शिवाय एकच रेला गाणे नदीच्या दोन्ही काठांवर, दोन-तीन राज्यांत गायले जाते. मग मालक कोणते गाव?

म्हणूनच मागणी कुलपाची नाही. ठेका, सुरावटीचा ढंग, वाद्याचा नाद यांतून कोणीही प्रेरणा घ्यावी. त्यावर कोणाची मालकी नको. पण अख्खी चाल किंवा शब्द जसेच्या तसे उचलले, किंवा गावातल्या माणसाचा आवाज मुद्रित केला, तर तीन गोष्टी व्हाव्यात. ज्यांच्याकडून घेतले त्यांचे आणि गावाचे नाव यादीत यावे, लेखी करार व्हावा आणि पुढच्या उत्पन्नात वाटा असावा. गाणे कोणाचे हे सांगणे अवघड असेल. ते कोणाकडून घेतले, हे सांगणे मुळीच अवघड नाही.

मग करायचे काय?

सरकारने एक सोपी गोष्ट करावी. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते. ते मागताना पारंपरिक चाल वा गायन वापरले आहे का, कुठून घेतले, कोणाला श्रेय व मोबदला दिला, हे जाहीर करण्याची अट घालावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. अर्जात एक रकाना वाढवावा लागतो.

गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे. एक चांगली ध्वनिमुद्रण खोली, दृश्याला संगीत देण्याचा छोटा अभ्यासक्रम आणि करार वाचायला शिकवणारा एक तास एवढ्याने मोठा फरक पडेल. तिथे शिकवायला झाडीपट्टीचे वादक बोलवावेत. सिरोंचासारख्या दूरच्या तालुक्यात ही सोय फिरत्या स्वरूपात न्यावी.

ग्रामसभांनी गाण्यांची वही ठेवावी. कोणते गाणे, कोण गाते, कोणाकडून शिकले, कोणत्या तारखेला मुद्रित केले. उद्या वाद झाला तर हीच वही पुरावा ठरेल.

आणि या काठावरच्या ज्या मुला-मुलीला हे काम करायचे आहे, त्यांनी मुंबई-हैदराबादची गाडी पकडण्याआधी इथेच सुरुवात करावी. लॅपटॉप, हेडफोन आणि एक बरा माइक पुरतो. एखाद्या लघुपटाचे पाच मिनिटांचे दृश्य घेऊन त्याला आवाज बंद करून स्वतःचे संगीत द्यावे. दहा वेळा करावे. प्रत्येक वेळी क्यू शीट भरावी म्हणजे कोणता तुकडा, किती सेकंद, कोणाची रचना, कोण वाजवले. शिस्त म्हणून ती उपयोगी आहेच, पण रॉयल्टीचे वाटप करताना सोसायट्या अशाच नोंदी बघतात. पहिले काम प्रसिद्ध झाले की आयपीआरएसचे सदस्यत्व घ्यावे. कितीही छोटे काम असो, करार लेखी मागावा. निर्माता ओळखीचा असेल तर आवर्जून मागावा, कारण ओळखीतच कागद राहून जातो.

गेल्या दोन-तीन वर्षांत नुसते वर्णन टंकले की पार्श्वसंगीत तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. कुठेही खपेल असे सरधोपट संगीत आता स्वस्त होणार. ज्यांची कमाई त्यावर आहे, त्यांना फटका बसेल. उलट ज्याच्या कानात तीन भाषांची गाणी आहेत, ढोल कोणत्या प्रसंगी कसा वाजतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याकडे यंत्राकडे सहज नसलेले काही आहे. पण तेच सूर निनावी अवस्थेत इंटरनेटवर पडून राहिले, तर यंत्रही उद्या ते ‘पारंपरिक’ म्हणून उचलेल आणि त्याला कोणी विचारणारही नाही.

सिरोंचातून उद्या एखादी संगीतकार घडेलही. पण तिच्या पहिल्या चित्रपटात तिच्या आजीच्या पिढीतल्या गाणाऱ्या बायका ‘पारंपरिक’ या शब्दामागे दिसेनाशा झाल्या, तर नदीपलीकडच्या ऑस्करचे कौतुक करून आपण काहीच शिकलो नाही असे होईल. बांबूचा हिशेब गावाने मागितला तेव्हाच तो मिळू लागला. सुरांचाही मागावाच लागेल. आणि तो गाणे बाहेर जाण्याआधी मागावा लागेल.